लोक ऑफिसला का येत नाहीत, आणि आठ लाख आधी कशावर घालावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडलगतच्या एका इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर साठ जणांचं ऑफिस आहे. काम सॉफ्टवेअर आणि अकाउंटिंगच्या सेवेचं. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं असा नियम आहे, तरी एका वेळी पंधरा-अठरापेक्षा जास्त माणसं दिसत नाहीत, आणि आलेल्यांपैकी बरेच जण चारच्या आत निघून जातात. मालकांनी आठ लाख रुपये काढून ठेवलेत. टेबल टेनिस, बीनबॅग, कॉफी मशीन आणि एका भिंतीवर झाडं, असा बेत आहे. यातलं आधी काय घ्यावं, असं विचारलंय.

माझं मत, सध्या यातलं काहीच घेऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच दुखणं दुसरीकडे दिसतंय. तुमच्यापुढे प्रश्न एक नाही, दोन आहेत. माणसं येत नाहीत हा एक, आणि आलेली थांबत नाहीत हा दुसरा. माझ्या कामात असं दिसतं की न येण्याचं कारण बहुतेक वेळा कामाच्या आखणीत असतं आणि न थांबण्याचं कारण जागेत. खेळाच्या टेबलाने यातलं एकही सुटत नाही.

घरातून निघण्याआधी प्रत्येक जण मनाशी एक हिशेब करतो. जाण्या-येण्याचा तास-दीड तास, पेट्रोल, ऊन, डब्याची धावपळ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, तिथे जाऊन असं काय मिळणार जे घरी मिळत नाही? बाजूला बसून शंका विचारता येतील असा सीनियर, मोठा मॉनिटर, न जाणारी लाईट, चार माणसांत जेवण, ही खरी उत्तरं आहेत. आणि घरी जे आपसूक मिळतं, म्हणजे शांतता, स्वच्छ बाथरूम, आपल्या मनासारखा पंखा, ते ऑफिसात हिरावलं जात असेल तर हिशेब पुन्हा घराकडेच झुकतो. म्हणून आधी हिरावून घेणं थांबवायचं, मग काही नवं द्यायचं. पैसे याच क्रमाने घालावेत.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. जागा भाड्याची असेल तर गच्ची आणि बाहेरच्या भिंती तुमच्या हातात नसतात, घरमालकाची लेखी परवानगी लागते. कामाचा प्रकारही बघावा लागतो. ज्यांचं काम दिवसभर एकट्याने करायचं आहे, म्हणजे डेटा एंट्री, रिकन्सिलिएशन (नोंदींचा ताळा जुळवणं), त्यांना तीन दिवस बोलावून फारसं काही साधत नाही. त्यांच्यासाठी एकच दिवस ठेवणं जास्त शहाणपणाचं. आणि नियमामागचा हेतू फक्त लक्ष ठेवण्याचा असेल, तर तो लोकांना आठवड्याभरात कळतो. मग जागा कितीही चांगली करा, लोक हजेरी लावून परततील.

खर्चाआधी चार आठवडे मोजमाप करा. दाराच्या कार्डाच्या नोंदीतून तीन गोष्टी काढा: कोणती टीम कोणत्या दिवशी येते, किती वाजता येते, किती वाजता जाते. 'ऑफिसला का येत नाही?' असं विचारू नका, समोरून सभ्य उत्तर येईल आणि उपयोग शून्य. त्याऐवजी नाव न घालता कागदावर तीन प्रश्न द्या. मागच्या वेळी आलात तेव्हा कोणतं काम घरापेक्षा चांगलं झालं? कोणतं बिघडलं? निघावंसं कधी वाटलं आणि का? उत्तरं ढिगांत लावली की एक-दोन ढीग बाकीच्यांपेक्षा उंच दिसतात. सोबत एक साधा थर्मामीटर आणि एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. खिडकीजवळ, मधोमध आणि कॉन्फरन्स रूममध्ये सकाळी ११, दुपारी २ आणि ४.३० ला आकडे लिहा. लांबून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर मिळालं तर फारच चांगलं. ते का, ते पुढे येतंच.

आता न येण्याबद्दल. 'कोणतेही तीन दिवस या' हा नियम दिसायला उदार आहे, पण त्यानेच ऑफिस रिकामं पडतं. सिडको एन-२ मधून निघालेला माणूस येतो, बघतो तर टीमलीड घरी, टेस्टर घरी. मग कानाला हेडफोन लावून त्यांच्याशीच व्हिडिओवर बोलतो. हे दोनदा झालं की तिसऱ्यांदा तो येणार नाही, आणि त्याचं काही चुकतही नाही. म्हणून दिवस टीमने ठरवावेत, माणसाने नव्हे. ज्यांचं काम एकमेकांवर अवलंबून आहे त्या टीम एकाच दिवशी. अकाउंटिंगवाल्यांचा सोमवार-मंगळवार, सॉफ्टवेअरवाल्यांचा बुधवार-गुरुवार, असं काहीसं. साठच्या साठ माणसं एकाच दिवशी बोलावू नका, तुमचं पार्किंग, पाणी आणि जेवणाचं टेबल त्याच दिवशी कोलमडेल. सुरुवातीला तीन दिवसांचा आग्रहही सोडा. दोन दिवस भरगच्च होऊ द्या, तिसरा मागाहून बघता येईल.

त्या दिवशी काय करायचं तेही ठरलेलं हवं. नव्या माणसाचं शिक्षण, कोड रिव्ह्यू म्हणजे एकमेकांचा कोड तपासणं, क्लायंटची नवी मागणी फळ्यावर मांडून समजून घेणं, अडकलेल्या फायलींचा निकाल, ही कामं समोरासमोर लवकर उरकतात. ती ऑफिसच्या दिवशी सकाळी ११ ते १ मध्ये घाला आणि त्या वेळात बाहेरचे कॉल ठेवू नका. टीमलीडने त्या दिवशी आलंच पाहिजे, ही एकच सक्ती मी करीन. नव्या मुलांना ऑफिसचं आकर्षण असतं ते शिकायला मिळण्याचं. शिकवणाराच घरी असेल तर मुलगा कशासाठी येईल?

जालना, पैठण, गंगापूरहून येणारे काही असतीलच. जालना साठ किलोमीटर. त्यांना एक दिवसाआड बोलावणं म्हणजे शिक्षा. सलग दोन दिवस द्या, मधली रात्र ते नातेवाइकांकडे किंवा मित्राच्या खोलीवर काढू शकतात.

न थांबण्याचं मुख्य कारण ऊन आहे, यावर मी जवळजवळ पैज लावीन. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या आसपास असतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून दुपारनंतर ती उष्णता खाली सोडायला लागतो. एसी २४ वर, भिंतीवरचा थर्मामीटर २६ दाखवतोय, तरी डोकं तापतंय अशी तक्रार येते ती यामुळेच. छताकडे इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर स्लॅबचा खालचा भाग खोलीतल्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी जास्त निघू शकतो. ती उष्णता थेट माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यांवर पडते. हवा कितीही गार करा, ती कमी होत नाही. लोक एसी १८ वर नेतात, त्याने खोली लवकर गार होत नाही. मशीन थांबत मात्र नाही, आणि जो झोताखाली बसलाय तो स्वेटर घालतो. मग रिमोटवरून भांडणं.

थोडा हिशेब बघा. काम करत बसलेला माणूस साधारण १०० ते १३० वॅट उष्णता सोडतो, त्याचा संगणक आणि मॉनिटर आणखी शंभरेक वॅट. साठ जणांचे मिळून १३-१४ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४ टन एसी नुसता माणसं आणि मशीन यांच्यासाठी. आता पश्चिमेची साधी काच. शंभरेक चौरस फूट उघडी काच दुपारी चारच्या सुमाराला चार-पाच किलोवॅट उष्णता आत आणते, म्हणजे एक टनापेक्षा जास्त एसी फक्त त्या काचेशी झुंजण्यात जातो. तुमच्याकडे एवढी काच नक्कीच असेल. म्हणून आणखी एक एसी घेण्याआधी ऊन बाहेरच्या बाहेर अडवा.

गच्चीवर पांढरा परावर्तक लेप द्या. डब्यावर एसआरआय लिहिलेला असतो, म्हणजे लेप ऊन किती परतवतो आणि किती कमी तापतो ते सांगणारा आकडा. तो शंभरच्या आसपास असावा. आधी गच्ची झाडून पाण्याच्या दाबाने धुवायची, शेवाळ खरवडायचं, भेगा पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायच्या आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग प्रायमर, मग दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कंत्राटदार भर दुपारी काम करतात तिथे ते फसतं, कारण तापलेल्या स्लॅबवर लेप धरण्याआधीच वाळतो आणि पहिल्या पावसात पापुद्रे निघतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करून घ्या. आपल्याकडच्या धुळीने पांढरा रंग मळतो आणि मळला की त्याचा गुणही जातो. फेब्रुवारीअखेर एकदा आणि मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा गच्ची धुवायची, हे शिपायाच्या कामाच्या यादीत लिहून ठेवा. घरमालक गच्चीला हात लावू देत नसेल, तर फॉल्स सीलिंगच्या वर ५० मिलिमीटर जाडीचं ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंचा थर) टाकता येतं. खर्च जास्त, पण गच्चीला हात लावावा लागत नाही.

पश्चिमेच्या काचेला आतून पडदा किंवा ब्लाइंड लावतात तेव्हा ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. सावली काचेच्या बाहेर हवी. उभ्या अॅल्युमिनियम पट्ट्या सगळ्यात टिकाऊ. पैसे कमी असतील तर लोखंडी चौकटीवर ७५ टक्के सावलीचं शेडनेट, काचेपासून एक ते दीड फूट अंतर सोडून. अंतर यासाठी की मधली गरम हवा वर निघून जावी. चौकट वादळी वाऱ्याला टिकेल अशी पक्की हवी. मे अखेरचा वळीव सैल बांधलेलं नेट एका संध्याकाळीत फाडून नेतो. काचेवरची फिल्म हा तिसरा पर्याय. ती घेताना खूप काळी घेऊ नका, दिवसाही दिवे लावून बसावं लागेल.

एवढं झालं की एसी २६ वर ठेवून पंखे मंद सुरू ठेवा. हलत्या हवेमुळे दोनेक अंश गार वाटतं. २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू करताना २४ वरच लागतात, ते तसं ठरवण्यामागे विजेचा हिशेब आहे. पंखा जोडीला असेल तर २६ वरही कोणी कुरकुरत नाही. एसीचा झोत थेट डोक्यावर येत असेल तर त्याची पट्टी वळवा, नाहीतर ती खुर्ची हलवा. एका खुर्चीने निम्म्या तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्यात.

कूलरबद्दल बरेच विचारतात. कोरड्या उन्हाळ्यात तो आपल्याकडे उत्तम चालतो. बाहेर ४१ अंश आणि हवा कोरडी असताना जाड हनीकोंब पॅडचा चांगला कूलर २६-२८ अंशांची हवा देतो. पण त्याला उघडी खिडकी लागते, नाहीतर तासाभरात चिकचिक होते. मोठा कूलर भर उन्हात ताशी १५-२० लिटर पाणी उडवतो, ते आणायचं कुठून हाही प्रश्न आहे. एसीच्या खोलीत कूलर लावू नका. कूलरने घातलेला ओलावा काढण्यातच एसीचा दम जातो. जेवणाची जागा आणि रिसेप्शन इथे कूलर ठीक, तोही फक्त मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

उकाड्यासोबत कोंदटपणा येतो, आणि तो बहुतेकांना ओळखू येत नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. दहा बाय बारा फुटांच्या काचेच्या कॉन्फरन्स रूममध्ये आठ माणसं दार लावून बसली तर पंधरा मिनिटांत १,००० च्या पुढे जातो आणि अर्ध्या तासात २,००० ओलांडतो. मग जांभया येतात, डोकं जड होतं, आणि दोष मीटिंगला दिला जातो. माणशी सेकंदाला ८ ते १० लिटर ताजी हवा लागते, म्हणजे आठ जणांना तासाला जवळजवळ ३०० घनमीटर. सहा इंची इनलाइन (पाइपात बसणारा) पंखा, बाहेरच्या तोंडाला धुण्याजोगी जाळी, आणि दाराखाली पाऊण इंच फट. एका दिवसाचं काम आहे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नुसता एक्झॉस्ट लावणं. हवा आत यायला वाट ठेवली नाही तर तो जिथून मिळेल तिथून हवा ओढतो, बहुतेक वेळा टॉयलेटच्या दाराखालून, आणि सगळ्या हॉलमध्ये वास पसरतो.

आता आवाज. उन्हाचा दोष लोक लगेच सांगतात, आवाजाचा सांगत नाहीत, कारण शेजाऱ्याची तक्रार केल्यासारखं वाटतं. कागदावरच्या उत्तरांत मात्र तो येतोच. आपल्या ऑफिसांत खाली व्हिट्रिफाइड फरशी, वर जिप्सम, बाजूला काच. आवाज कुठे मुरतच नाही. हॉल रिकामा असताना मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झंकार रेंगाळला तर समजा काम करायला हवं. सुरुवात छतापासून करा, कारण तेवढा मोठा मोकळा पृष्ठभाग दुसरा नाही. ५० मिलिमीटर जाडीचं, घनमीटरला ४८ किलो घनतेचं रॉकवूल लाकडी चौकटीत बसवून, वर हवा आरपार जाईल असं खादीसारखं सुती कापड ताणून पॅनल करता येतात. स्थानिक सुतार ते सहज करतो. छताच्या एक तृतीयांश जागेवर असे पॅनल टांगले आणि समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर लावले की फरक त्याच दिवशी ऐकू येतो. अंड्यांच्या ट्रेसारखा पातळ फोम घेऊ नका. बोलण्याच्या जाड आवाजाला तो पुरत नाही, आणि आगीला लवकर पेटतो. गालिचाही नको, आपल्या धुळीत तो सहा महिन्यांत शिंका काढतो.

पॅनलने गोंगाट कमी होतो, शेजारच्याचं बोलणं थांबत नाही. त्यासाठी कॉलची बंद खोकी लागतील, दर दहा खुर्च्यांमागे एक. रोज वीस-तीस माणसं धरली तर तीन पुरतील. साडेतीन बाय तीन फूट, एक फळी, एक सॉकेट, चेहऱ्यावर समोरून पडणारा दिवा, आणि चार इंची पंखा. पंखा वगळला की ते खोकं मे महिन्यात कोणी वापरत नाही आणि त्यात जुन्या फायली जमतात. आणि बसण्याची रचना बदला: सपोर्टवाले दाराच्या आणि पॅन्ट्रीच्या बाजूला, ज्यांना एकाग्रता लागते ते लांबच्या कोपऱ्यात. याला पैसे लागत नाहीत.

फर्निचरवर थोडंच सांगतो. प्रत्येक जागेवर २४ इंची मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि लॅपटॉपची एकच वायर लावून काम सुरू होईल अशी सोय असावी. हे बहुतेकांच्या घरी नसतं, म्हणून ते खरं आमिष आहे. टेबलावर ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, आणि खिडकी स्क्रीनच्या पुढे-मागे नसून बाजूला हवी. आपली तयार टेबलं ७५ सेंटीमीटर उंच असतात. पाच फूट उंचीच्या बाईला त्यावर टाइप करायचं तर खुर्ची वर घ्यावी लागते, मग पाय लोंबकळतात आणि तासाभरात मांड्या भरून येतात. दहा सेंटीमीटरचं लाकडी पायटेकण सुताराकडून डझनभर करून घ्या. जागा कोणाच्या नावावर ठेवायच्या नसतील तर निदान टीमचा पट्टा ठरवा, पाच माणसांना चार खुर्च्या, आणि प्रत्येकाला कुलपाचा छोटा कप्पा. चार्जर, डबा, देवाचा फोटो ठेवायला जागा नसेल तर माणूस तिथे पाहुण्यासारखा बसतो.

पाण्याचं नीट ऐका, कारण हे आपल्याच भागाचं दुखणं आहे. ऑफिससाठी माणशी रोज ४५ लिटर धरतात. तीस माणसांना १,३५० लिटर. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तुमच्या भागात जितक्या दिवसांनी येतं त्याने गुणा आणि वर दोन दिवसांचं जास्त धरा. पाच दिवसांनी येत असेल तर साडेनऊ हजार लिटरची साठवण. इमारतीच्या टाकीत तुमचा वाटा किती, हे सोसायटीला विचारून लिहून घ्या. बोअरचं पाणी जड असतं, त्याने नळाच्या जाळ्या पांढऱ्या क्षारांनी बुजतात. महिन्याला एकदा त्या काढून व्हिनेगरमध्ये भिजवल्या की मोकळ्या होतात. गच्चीवरची काळी टाकी मे महिन्यात दुपारी हात पोळेल असं पाणी देते, तिला पांढरा रंग किंवा वर सावली द्या. प्यायला फिल्टर असू द्या, पण दोन माठही ठेवा, रोज घासून भरलेले. उन्हातून आलेला माणूस आधी माठाकडे जातो.

टॉयलेट हा विषय पुरुष व्यवस्थापकांच्या नजरेतून सुटतो. बायकांसाठी पंधरा जणींमागे एक असं प्रमाण धरतात, पण संख्येइतकीच अवस्था महत्त्वाची. कडी नीट लागते का, पर्स अडकवायला हुक आहे का, झाकणाचा डबा आहे का, दिवा पुरेसा आहे का, दार पुरुषांच्या बसण्याच्या जागेसमोर तर उघडत नाही ना? सफाई सकाळी एकदा करून भागत नाही, ११, १.३० आणि ४ अशी तीनदा, दारामागे सहीचा तक्ता लावून. एखादी मुलगी ऑफिसमध्ये दिवसभर पाणी पीत नसेल तर ती तीन दिवस कशी येईल?

साठ माणसं म्हणजे पाळणाघराचाही विचार करावाच लागेल. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय देणं २०१७ च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच आलं, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावं लागतं. स्वतः चालवायची गरज नाही, चालत जाता येईल अशा जवळच्या चांगल्या पाळणाघराशी करार करा. न येणाऱ्यांच्या यादीत लहान मुलांच्या आया किती आहेत ते मोजा, मग या खर्चाचं वजन कळेल.

जेवणाच्या टेबलाला माझ्या मते कॉफी मशीनपेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे. आपल्याकडे माणसं डबा एकट्याने खात नाहीत. एकीची शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्याचे धपाटे, तिसऱ्याचं दही, असं ते जेवण असतं, आणि टीम तिथेच जमते. पंधरा-सोळा जणांचं एक लांब टेबल, दोन मायक्रोवेव्ह, डबा धुवायला दोन नळांचं रुंद सिंक, एक्झॉस्ट, आणि आपोआप लागणारं दार, म्हणजे फोडणीचा वास हॉलमध्ये जाणार नाही. १ आणि १.४० अशा दोन पाळ्या करा. चहा पावडरच्या मशीनचा नको. ११ आणि ४ ला कोणीतरी आलं घालून ताजा करावा. चारचा चहा चांगला असला की चारला उठणारे काही जण साडेपाचपर्यंत थांबतात.

लाईट आणि इंटरनेट हा ऑफिसचा हुकमी पत्ता आहे. घरी लाईट गेली की काम बुडतं. ऑफिसात दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, तेही इमारतीत वेगवेगळ्या वाटेने आलेलं, राउटर आणि स्विचला स्वतंत्र यूपीएस, आणि निदान पंखे-दिवे-संगणकांपुरता जनरेटर किंवा इन्व्हर्टर ठेवा. महावितरणच्या देखभालीच्या शटडाऊनची सूचना आली की तीच सूचना ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, 'ऑफिसला या, इथे सगळं सुरू राहील.' लातूर, नांदेड, परभणीच्या ऑफिसांत तर हे एकच कारण काही माणसांना पुरतं.

वेळ आणि पार्किंग यांना पैसे कमी लागतात आणि फळ लवकर मिळतं. एप्रिल ते मध्य जून ८ ते ४.३० अशी वेळ ठेवा, ज्यांना जमेल त्यांनी ती घ्यावी. वाळूजहून चिकलठाण्याकडे शहर ओलांडून येणाऱ्याला लवकर निघाल्याने गर्दीही चुकते. दुचाकी दिवसभर उन्हात उभी असेल तर चारला सीटवर बसवत नाही, हँडलला हात लावता येत नाही. दुचाक्यांवर शेडनेट किंवा पत्रा टाका, आणि जागा असेल तर कडुनिंब आणि करंज आजच लावा. सातनंतर थांबावं लागणाऱ्या मुलींना घरापर्यंत सोडण्याची सोय आधी जाहीर असावी, ऐनवेळी विचारून मिळणारी नको.

तुमच्या मूळ यादीचं काय, तेही सांगतो. टेबल टेनिस बंद खोलीत ठेवता येत असेल तर पुढच्या वर्षी घ्या. उघड्या हॉलमध्ये त्याचा आवाज सगळ्यांना होतो, आणि खेळणाऱ्याला आपण कामचुकार दिसतोय असं वाटतं. बीनबॅगवर पहिला महिना मुलं बसतात, मग पाठ दुखते आणि त्या धूळ खातात. झाडांची भिंत आपल्या जड पाण्याने लवकर मरते, ठिबकच्या नळ्या क्षाराने बंद पडतात. कुंड्यांत स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम लावा, ते टिकतात.

आठ लाखांची वाटणी साधारण अशी धरा: निम्मे ऊन आणि हवा यांवर, पाव हिस्सा आवाज आणि कॉलच्या खोक्यांवर, उरलेले टॉयलेट, पाणी, जेवणाची जागा आणि पार्किंगची सावली यांवर. पाळणाघर आणि सफाई हा दर महिन्याचा खर्च आहे, तो या आठ लाखांत धरू नका. घरमालकाशी बोलताना भेगा भरून दिलेल्या लेपाने त्याच्या स्लॅबची गळतीही कमी होऊ शकते, हे सांगा आणि निम्मा खर्च भाड्यातून वळता करून घ्यायचा प्रयत्न करा. करारात एक ओळ घाला: जागा सोडताना बाहेरची सावली काढावी लागणार नाही.

सगळं एकदम करू नका. आधी एका टीमचा पट्टा आणि कॉन्फरन्स रूम घ्या. तिथे सात आठवडे तेच मोजमाप पुन्हा करा. पहिल्या दोन आठवड्यांची गर्दी नव्याच्या नवलाईची असते, ती धरू नका. सहाव्या-सातव्या आठवड्याचा आकडा खरा. त्यातही दोन गोष्टी बघा: सक्ती नसलेल्या दिवशी किती जण आले, आणि चारनंतर किती खुर्च्या भरलेल्या होत्या. गच्चीचं आणि पश्चिमेच्या सावलीचं काम मात्र गुढीपाडव्याच्या आत उरकलंच पाहिजे. त्यासाठी कोटेशनं जानेवारीत मागवा, कारण मार्च उजाडला की वॉटरप्रूफिंगवाले आणि फॅब्रिकेटर दोघेही हाताशी लागत नाहीत.